धाकट्याचं खातं माझ्या नावावर

आमच्या घरात जे काही आहे ते माझ्या नावावर आहे. विजेचं मीटर माझ्या नावावर, गॅस माझ्या नावावर, नळ माझ्या नावावर, दुकानाचा परवाना माझ्या नावावर. एकदा म्हशीचा विमा काढला, तर अर्जावर नाव कुठं लिहायचं ते चुकलं आणि म्हशीच्या जागीही माझंच नाव पडलं. कारकुनानं अर्ज पुढं ढकलला नि म्हणाला, "दूध किती देता?" मी थोरला. वडील गेले तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. कार्याच्या दिवशी पाहुण्यांनी मला टॉवेल-टोपी घातली, आणि त्या दिवसापासून घरात कागद आला की तो आपोआप माझ्याकडं सरकतो. मला त्याचं कौतुक नव्हतं असं मी आजवर सांगत आलो. होतं.

म्हणून धाकट्या भावाला मोबाइलवर ते गेमचं खातं काढायचं होतं, तेव्हा नाव आणि नंबर कोणाचा टाकायचा हा प्रश्न आमच्यात कोणालाच पडला नाही. त्यानं फोन माझ्यापुढं धरला, मी चष्मा लावला आणि रेशनकार्डावर भरतो तसं तीन शब्दांत पूर्ण नाव भरलं.

धाकटा माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. दुकानात त्याचं बूड कधी टेकलं नाही. आमचं दुकान चौसाळ्यात, हायवेला लागून. कोयते, मुठी, दोरखंड, ताडपत्र्या. दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघालेली माणसं इथं थांबून सामान घेतात आणि पुढं जातात. धाकट्याला ते सामान विकायचं नव्हतं, त्या माणसांबरोबर पुढं जायचं होतं. विशीत त्यानं ट्रॅक्टरचं स्टेअरिंग धरलं नि पंधरा-सोळा हंगाम उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढल्या. मग एका वळणावर ट्रॉली कलंडली आणि डावा गुडघा गेला. पायात सळई बसली. चालता यायचं, पण क्लच दाबता येईना. लग्नाची बोलणी चालली होती, तीही मुलीकडच्यांनी हळूच गुंडाळली. आमच्याकडं कोणी नाही म्हणत नाही, फोन उचलायचं बंद करतात.

वर्षभर तो ओसरीतल्या बाजेवर पडून होता. त्यातच केव्हातरी त्याच्या हाताला तो ट्रक चालवायचा गेम लागला.

"आणि हे लोक बघतात म्हणतोस?" मी विचारलं. एक जण आपला खेळ मोबाइलवरून दाखवतो, तोंडानं बोलतो, आणि दुसरे आपापल्या फोनवर बघत बसतात, असं चालवणारी ती कंपनी होती, खातं तिच्याकडंच काढलेलं. "दुसरा खेळायलाय अन् आपण बघायचं? येडबिड लागलं का?"

"तू क्रिकेट बघतूस की दादा," तो म्हणाला. "तिथं काय तू बॅटिंग करायलास?"

यावर मी दुकानात गिऱ्हाईक आलंय असं म्हणून उठलो. गिऱ्हाईक नव्हतं.

तो गेम परदेशातला. गुळगुळीत रस्ते, दोन्ही बाजूंना सुया लावल्यासारखी झाडं, मधेच बर्फ. ट्रकमधे लाकडाचे ओंडके भरलेले. धाकटा मात्र त्याला ऊसच म्हणायचा. बोगद्याच्या अलीकडं चढ आला की म्हणायचा, "मंडळी, आला बरं का मांजरसुंब्याचा घाट. मागची ट्रॉली वढायलीय, गेअर आत्ताच खाली घ्या. मधी टाकताल तर म्या जबाबदार न्हाई." बर्फ पडायला लागला की, "हे बघा, गारपीट. तलाठ्याला बोलवा पंचनाम्याला." आणि चढ संपला की ट्रक चक्क कडेला उभा करायचा. खेळात त्याची काही गरज नव्हती. तो म्हणायचा, "इंजन निवू द्या. तुमीबी च्या घ्या." मग दोन मिनिटं पडद्यावर नुसता उभा ट्रक, आणि धाकट्याचा बशीतून चहा प्यायचा आवाज.

हे बघायचे कोण, तर साखर कारखान्याच्या नंबरात अडकलेले ड्रायव्हर. ऊस घेऊन गेलेल्या गाड्या कारखान्याच्या आवारात रांगेनं उभ्या असतात, आपला नंबर यायला कधीकधी पुरा दिवस जातो. आष्टीचे, धारूरचे, परळीकडचे, सगळे स्टेअरिंगवर पाय टाकून याचं बघायचे. खऱ्या ट्रॅक्टरवर बसून, ज्याला ट्रॅक्टर चालवता येत नाही त्याचा खोटा ट्रक बघायचे. हे मला तेव्हा फार विनोदी वाटायचं आणि मी ते दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो. आता सांगत नाही.

दुपारी चारला तो बसायचा ते दिवेलागणीपर्यंत. दिवे लागले की आतून माय हाक मारायची. आमच्या आईला आम्ही मायच म्हणतो. "जेवाया ये रे, भाकर निवाली!" ती हाक फोनमधून थेट कारखान्याच्या आवारात जायची. लगेच पडद्याच्या कडेला लोक लिहायचे, आणि धाकटा मोठ्यानं वाचून दाखवायचा, "माय, हे आष्टीचे ड्रायव्हर इचारायलेत, भाकर कशासंग हाय?"

"शेंगोळे केलेत म्हणावं. अन् ते तिथं उपाशी कावून बसलेत? घरला या म्हणावं."

"ऐका मंडळी. घरला या म्हणती." मग जरा थांबून, आतल्या बाजूला तोंड करून तो रोज तेच म्हणायचा, "आलो माय. एवढा घाट उतरतो अन् येतो."

मला कधी अशी हाक मारावी लागली नाही. मी भाकरी तव्यावर असतानाच पाटावर येऊन बसलेला असायचो.

ती कंपनी विकल्याची बातमी मला कोयता गुंडाळताना दिसली. धार लावलेलं पातं आम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून देतो. आतल्या पानावर चौकट होती: एका बड्या परदेशी कंपनीनं खेळ दाखवणारी ती लहान कंपनी विकत घेतली. नाव ओळखीचं वाटलं म्हणून मी गिऱ्हाइकाचा कोयता दुसऱ्या कागदात गुंडाळला आणि चौकट घेऊन ओसरीत गेलो. ती मोठी कंपनी म्हणजे जिच्यावाचून कोणाचा फोनच चालत नाही अशातली. मी वाचून दाखवलं.

धाकटा खूष झाला. "म्हंजे आपलीबी विक्री झाली की दादा! बाजारात बैल इकला की गळ्यातली घंटी संगच जाती, तसं."

"तू घंटी का?"

"मी घंटी. तू बैल. खातं तुझ्या नावावर हाय."

दोघंही हसलो. मग तो हसायचं थांबून म्हणाला, "दादा, तेवढं माझ्या नावावर करून घ्यावं का? नवा मालक हाय, उद्या कागदपत्र मागंल. तुझा तो जुना नंबर, तू मेसेज बघत न्हाईस."

मी काय म्हणालो ते मला शब्दाशब्दासकट आठवतं, कारण नंतर मी ते खूपदा म्हणून पाहिलं आहे. "घर एकच हाय. नाव कोणाचं का असंना." हे मी चष्मा कपाळावर चढवून म्हणालो. महत्त्वाचं बोलताना मी तसं करतो.

"बरं," तो म्हणाला. त्यानं पुन्हा विचारलं नाही. कशाचंच दोनदा विचारायची त्याची सवय नव्हती.

त्यानंतर पाचेक महिन्यांनी तो गेला. सकाळी चूळ भरता भरता छातीत दुखतंय म्हणाला. जीप काढली, बीडच्या रस्त्याला लागलो. मांजरसुंब्याच्या घाटात माझ्या मांडीवर त्याचं डोकं होतं, आणि मी जीपवाल्याला, ज्याला वीस वर्षांचा अनुभव आहे त्याला, गिअर कधी बदलायचा ते ओरडून सांगत होतो. घाट संपायच्या आत सगळं संपलं होतं. घाटाचं मी एवढंच सांगणार.

त्याचा मृत्यूचा दाखला काढायला मीच गेलो. अर्ज भरताना सवयीनं पहिल्या ओळीत माझं नाव लिहायला घेतलं, आणि खिडकीतल्या बाईनं हात धरून थांबवलं. त्याच्या नावाचा मी स्वतः जाऊन काढलेला तो पहिला कागद.

धाकट्याचा फोन मायकडं राहिला. आधी ती त्याला नुसतं चार्जिंगला लावायची. मग माझ्या मुलीनं, ती पुण्याला शिकते, सुट्टीत आली तेव्हा मायला दाखवलं की काकाचे सगळे दिवस त्या खात्यात साठलेले आहेत, खेळ नि आवाज दोन्ही. बोट ठेवलं की लागतात. मग रोज दिवेलागणीला माय फोन पिठाच्या डब्याला टेकवून उभा करायची आणि भाकऱ्या थापायची. धाकटा घाट चढायचा, इंजिन निववायचा, चहा प्यायचा. फोनमधली माय हाक मारायची. चुलीपुढची माय तेव्हा थापायची थांबायची. "आलो माय," तो म्हणायचा, "एवढा घाट उतरतो अन् येतो." मग ती पुढची भाकरी तव्यावर टाकायची.

पहिल्या दिवशी मला ते ऐकवेना, मी दुकानात जाऊन बसलो. नंतर सवय झाली. पुढं पुढं तर एखाद्या दिवशी तिनं लावायला उशीर केला की मीच आतबाहेर करायचो.

आता माझ्या हुशारीचं सांगतो. आमच्या गल्लीत एकाला विजेच्या बिलाच्या खोट्या मेसेजवरून फसवलं होतं. तेव्हापासून मी फसवणूक या विषयातला जाणकार झालो. शाळेत पोरांपुढं अर्धा तास बोललो. "आलेला नंबर कोणालाही सांगायचा नाही, कशालाही हो म्हणायचं नाही, मेसेज आला की पुसायचा." हेडमास्तरांनी नारळ दिला. त्यामुळं धाकट्याला जाऊन काही महिने झाल्यावर माझ्या फोनवर इंग्रजी मेसेज यायला लागले, 'तुमचं खातं नव्या ठिकाणी हलवत आहोत, संमती द्या, सोबतचा नंबर भरा,' तेव्हा मी काय केलं ते वेगळं सांगायला नको. एक आला, पुसला. दुसरा आला, पुसला. मग ते लाल अक्षरांत यायला लागले. शेवटची सूचना, असं काहीतरी होतं. ते मेसेज ज्यावरून यायचे तो नंबरच मी बंद करून टाकला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मायला म्हणालो, "आज आणखी एक चोर पळवला."

"बरं केलंस बाबा," ती म्हणाली. तिच्या मागं पिठाच्या डब्याला टेकून धाकटा बर्फातून ट्रक चालवत होता.

साधारण महिन्याभरानं एका संध्याकाळी तिनं मला हाक मारली. "हे बघ बरं. कावून नुसतं गोल गोल फिरायलंय?"

मी फोन हातात घेतला, बंद केला, चालू केला, फुंकर मारली. पुण्याला मुलीला फोन लावला. तिनं तिकडं काय काय पाहिलं, मग विचारलं, "पप्पा, तुम्हाला मेसेज आले होते का? मोठ्या कंपनीनं सगळी खाती तिच्याकडं नेली. ज्यांनी हो म्हटलं त्यांचीच नेली."

"आणि ज्यांनी नाही म्हटलं?"

"लिहून बघते," ती म्हणाली. तिची परीक्षा होती, तरी रात्रीचा दिवस करून तिनं कंपनीला लिहिलं. चार-पाच दिवसांनी उत्तर आलं. उत्तर मोठं सभ्य होतं, आमच्याकडचा एकही साहेब इतकं सभ्य लिहीत नाही. खातेदार मयत असेल तर घरच्यांनी मृत्यूचा दाखला पाठवावा, आम्ही जुनं सामान शोधून देण्याचा प्रयत्न करू. पण खातेदार हयात असेल तर त्यानं मुदतीत संमती द्यायला हवी होती. न दिल्यास त्यानं स्वतःच ते सोडलं असं धरून पुसण्यात येईल.

मी दाखल्याची पिशवी घेऊन बसलो होतो. दाखल्यावर धाकट्याचं नाव होतं. खात्यावर माझं.

"पप्पा, खातेदार तुम्ही आहात," मुलगी म्हणाली.

"माहितीये."

"आणि तुम्ही हयात आहात."

यावरही मला नाही म्हणता येईना. आयुष्यात पहिल्यांदा माझं जिवंत असणं एखाद्या कामात आडवं येत होतं. खरं सांगतो, माझ्या मनात एकदा आलं की माझाच दाखला निघतो का बघावं. ग्रामपंचायतीत ओळख आहे. मी ते मुलीला बोलूनही दाखवलं. ती हसली, आणि हसता हसता फोनवर रडायला लागली. मग आम्ही खरी हकीकत लिहून पाठवली, चुलत्याच्या नि पुतणीच्या नात्यासकट, घाटासकट. त्यांचं पुन्हा उत्तर आलं. दुःखात सहभागी आहोत, पण मुदत संपल्यावर आमच्याकडं काही शिल्लक राहत नाही.

मायला मी म्हणालो, "कंपनी घर बदलायलीय. सामान हलवायला वेळ लागतो. येईल."

तिला ते पटलं. घर बदलताना काय काय बांधावं लागतं ते तिला माहीत आहे. "जपून न्या म्हणावं," एवढं म्हणाली. फोन रोज पुसून डब्याला टेकवून ठेवायची, न लावता. आठवड्याला एकदा विचारायची, "आलं का रे त्यांचं सामान?" मी म्हणायचो, "वाटंत हाय."

दसरा झाला, ऊसतोडीच्या गाड्या हायवेवर दिसायला लागल्या. एके दुपारी एक ड्रायव्हर ताडपत्री घ्यायला आला. पन्नाशीचा, कानात बाळी, मिश्या पांढऱ्या. ताडपत्री उलगडून बघताना त्यानं विचारलं, "इथं चौसाळ्यात एक जण व्हता. गेमातला टरक चालवायचा. त्याचं घर कुठं हाय?"

मी म्हणालो, "हेच."

त्यानं ताडपत्री खाली ठेवली. "मी आष्टीचा. ते भाकर कशासंग म्हणून इचारणारा मीच. त्यो गेल्याचं आमाला नंबरातच कळलं." मग अडखळत म्हणाला, "माय हाईत का?"

मागच्या दारानं त्याला आत नेलं. तेव्हा माझ्या ध्यानात यायला हवं होतं की याला गप्प राहायला सांगावं. आलं नाही. घरी कोणी भेटायला आलं की पुढं चालत जाऊन, कोण आलंय ते मोठ्यानं सांगण्याचा मान थोरल्याचा, मी त्या नादात होतो.

माय ओसरीत शेंगा फोडत होती. तिनं विचारलं, "कोन हाय?" एवढं एकच वाक्य. त्या माणसाचा चेहरा असा झाला की जणू नंबरात त्याची गाडी अचानक सगळ्यात पुढं आली. तो खाली बसला आणि तिच्या पायांवर डोकं टेकवलं. "आवाज वळखला माय. तीन हंगाम ऐकलाय."

"मंग जेवाया कावून न्हाई आलास? म्या किती डाव बोलवलं."

"आलो की आता."

तिनं त्याला शेंगा दिल्या. तो सांगत राहिला, नंबरात उभे असताना कसं ऐकायचे, घाटावर धाकट्यानं ट्रक थांबवला की हेही खरोखर चहाला उतरायचे. अजूनही कोणाला उसाच्या फडातून जेवायला बोलावलं की सगळे ओरडतात म्हणे, एवढा घाट उतरतो अन् येतो. माय ऐकत होती, टरफलं एका बाजूला सारत होती. मग तो म्हणाला, "या साली ऐकावं म्हणून लई शोधलं माय. आमी चौघांनी शोधलं. पण ते समदं पुसून टाकलं म्हणं नव्या मालकानं. आता कवाच यायचं न्हाई."

मी ताडपत्रीचं काहीतरी बोलायला लागलो. कोणी ऐकलं नाही.

माय म्हणाली, "च्या घेऊन जा," आणि त्याच्यासाठी स्वतः उठून चहा टाकला. बशीतून पिऊन तो गेला. जाताना मला म्हणाला, "दादा, माझं काय चुकलं का?" मी म्हणालो, "न्हाई."

परत आलो तेव्हा ती त्याच जागी बसली होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. मेसेज, लाल अक्षरं, पळवलेला चोर, दाखला, सगळं. मी गोष्टी सांगणारा माणूस. लग्नात, बारशात, दहाव्याला लोक माझ्याभोवती बसतात. ही गोष्ट मात्र मला नीट सांगता येईना, मधलं आधी यायला लागलं. ती शेंगा फोडत राहिली. झाल्यावर तिनं एवढंच विचारलं.

"त्याचं व्हतं, तर त्याच्या नावावर कावून न्हवतं?"

मी चष्मा कपाळावर नेला आणि परत खाली आणला.

तिला उत्तराची घाई नव्हती. तिनं टरफलं सुपात भरली आणि सूप उचलून आत गेली. फोन डब्यापासून काढून तिनं देवळीत ठेवला, देवांच्या शेजारी, वडिलांच्या घड्याळाजवळ. तिथं आमच्या घरातल्या बंद पडलेल्या वस्तू असतात.

त्या संध्याकाळी मी जेवायच्या वेळेला आत गेलो नाही. दुकान बंद करून ओसरीत त्याच्या बाजेवर बसून राहिलो. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. दिवे लागले. तव्यावरची शेवटची भाकरी उतरल्याचं मला आवाजावरून कळतं, ती उतरली. मी बसूनच होतो. तिनं हाक मारावी म्हणून मी बसलो होतो, अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस.

बऱ्याच वेळानं ती दारात आली. पदराला हात पुसत तिनं बाजेकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"भाकर निवाली," ती म्हणाली, आणि आत गेली.

ये म्हणाली नाही. मी उठलो.